चौथी कात

पप्पा,

मला भीती वाटते आहे आणि ती घरात कोणाला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की माझ्या मुलीला तुमचा फक्त भिंतीवरचा फोटो माहीत आहे, चर्चच्या कुठल्याशा कार्यक्रमातला, टाय लावलेला. तिला मी सांगते की आजोबा नगरला कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये अटेंडंट होते. तिला त्यात विशेष काही वाटत नाही. मला वाटायचं. शिकवायचे प्राध्यापक, पण बरण्यांतल्या एकेका जिवाचं नावगाव तुम्हाला ठाऊक असायचं. संध्याकाळी घरी आलात की आधी स्वयंपाकघरात यायचात, आईनं पिळून टाकलेली लिंबाची साल उचलायचात आणि पाटावर बसून बोटांवर चोळत राहायचात. फॉर्मालिनचा वास जावा म्हणून. तो कधी पुरता गेला नाही. तुम्ही मोडून दिलेल्या भाकरीच्या तुकड्यालाही तो यायचा आणि मी तो न बोलता खायचे.

शाळेला सुट्टी आहे, मी नऊ-दहा वर्षांची असेन, आणि तुम्ही मला लॅबमध्ये घेऊन गेला आहात. खिडकीजवळ काचेची पेटी, तिच्यात पोरांना कापून शिकायला पाळलेली झुरळं. त्यातलं एक पांढरं, अगदी दुधासारखं. मी म्हणते, हे आजारी आहे. तुम्ही वाकून बघता. "आजारी नाही गं. आत्ताच कात टाकलीय त्यानं. आपली हाडं आत, ह्याचं हाड म्हणजे हे बाहेरचं कवच. अंग वाढतं, पण कवच वाढत नाही. मग हा आतल्या आत नवं कवच विणतो, जुनं पाठीवर फोडतो आणि त्यातनं बाहेर पडतो. नवं वाळेपर्यंत मात्र त्याच्याजवळ काही नाही. मुंगीसुद्धा त्याला ओढून नेईल." एवढं सांगून तुम्ही बरण्या पुसायला वळलात आणि मी बोट लावलं. जरासंच दाबलं. भिजलेल्या कागदासारखं ते आत गेलं आणि परत वर आलं नाही. तुम्ही मारलं नाहीत, आवाजही चढवला नाहीत. स्टूल ओढलंत, मला पेटीसमोर बसवलंत आणि म्हणालात, "आता बघ. त्याला मरायला वेळ लागेल, तोवर उठायचं नाही." मी बसले. त्याचे पाय किती वेळ हलत होते ते मला आजही सांगता येईल. सायकलवरून घरी येईपर्यंत तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत.

बारावीच्या परीक्षेआधी तुम्ही मला चिमटे-कात्र्यांची ती छोटी पेटी आणून दिलीत. कॉलेजातली जुनी नव्हे, दुकानातली नवी. म्हणालात, बी.एस्सी.ला लागेल. निकाल लागण्याआधी तुम्ही गेलात आणि पुढच्याच वर्षी माझं लग्न होऊन मी इकडे, जिल्ह्यातच, कर्जतच्या बाजूला आले. पेटी आणली होती. तिच्यातल्या चिमट्यानं मी बाभळीचे काटे काढायला शिकले.

आता मी काय करते ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आम्ही एका एकरावर तुती लावली आहे आणि घरामागे पत्र्याची शेड घालून रेशमाच्या अळ्या पाळतो. रान ह्यांनी बघायचं, शेड मी. केसाएवढी अळी येते, महिन्याच्या आत बोटाएवढी होते आणि कोष विणते. तेवढ्यात ती चार वेळा कात टाकते. एरवी शेडमध्ये पाला खाण्याचा आवाज चालू असतो, वाळल्या पाचटावरून कोणी हलक्या पावलानं चालावं तसा. कात टाकायच्या दिवशी तो थांबतो. अळ्या डोकं वर करून निश्चल बसतात, आम्ही पाला बंद करतो, अंगावर चुन्याची पूड धुरळतो आणि थांबतो. दुसऱ्या दिवशी त्या नव्या, जरा चुरगळलेल्या कातडीत बाहेर येतात, तोंड मोठं झालेलं, भुकेनं वेड्या झालेल्या. मला ती शांतता फार आवडायची. कोणी प्रार्थनेला बसल्यावर आपण घरात पाय न वाजवता वावरतो, तशी मी रॅकमधून फिरायचे.

यंदाच्या थंडीतल्या बॅचला चौथ्या कातीची शांतता संपलीच नाही. दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी जाळीचे पडदे वर केले. वरच्या रॅकपासून खालपर्यंत अळ्या अर्ध्या बाहेर आलेल्या होत्या. डोक्यातून सदरा काढताना तो गळ्याशी अडकावा तशी जुनी कात अंगावर अडकली होती. तिच्याखाली नवी कातडी ओली, ठिकठिकाणी फाटलेली, आणि फाटल्या जागेतून हिरवट पाणी येत होतं. काही पूर्ण बाहेर आल्या होत्या. मला वाटलं, ह्या वाचल्या. मी त्यांच्यापुढे कोवळा पाला टाकला. त्या पानाच्या कडेला तोंड लावायच्या, डोकं खालीवर करायच्या आणि पान तसंच राहायचं. त्यांची तोंडं मऊ राहिली होती, पप्पा. पान कापायला लागणारा कठीणपणाच तोंडात आला नव्हता. मेलेल्यांपेक्षा त्या जिवंत असलेल्यांची मला जास्त भीती वाटली. भूक होती, पाला समोर होता, आणि काही करता येत नव्हतं.

हे म्हणाले, "रोग असेल, थंडी जास्त झाली." पण रोगाची अळी सुस्त होते, पाला सोडते. ह्या आदल्या दिवसापर्यंत ताव मारत होत्या. मी तुमच्या पेटीतला चिमटा आणला आणि एकीची कात सोडवून बघितली. कातीबरोबर खालची कातडीही निघून आली. मी चिमटा खाली ठेवला आणि कितीतरी वेळ हात धूत राहिले.

रेशीम खात्याचे साहेब दुपारी आले. त्यांनी रॅकसमोर उकिडवं बसून एक अळी तळहातावर घेतली आणि विचारलं, "शेजारी काय आहे?"

"मिरची," हे म्हणाले.

"फवारणी कधी झाली?"

"आठवडा झाला असेल."

"वासाचं औषध का बिनवासाचं?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बिनवासाचं."

साहेबांनी अळी जपून खाली ठेवली. "मग ते वाऱ्यानं तुमच्या तुतीवर आलंय. हे औषध अळीला लगेच मारत नाही. नवी कातडी ज्या पदार्थाची बनते तो तयारच होऊ देत नाही. कायटिन म्हणतात त्याला. तोवर अळी खाते, पिते, वाढते, वरून काही कळत नाही. कात टाकायचा दिवस आला की कळतं." त्यांनी कडेच्या ओळींचा पाला कापून टाकायला सांगितलं. जुनी औषधं निदान वास देतात आणि लवकर उतरतात, म्हणाले, हे पानावर फार दिवस टिकतं.

मी मान हलवत होते, पण त्यांच्याकडे बघत नव्हते. कारण ते औषध त्या मिरचीवर मी नेलं होतं.

मिरची आक्कांची. आमच्या बांधाला बांध लागून त्यांचं रान आहे. नवरा कधीचा गेला, मुलगा पुण्याला कंपनीत, बाई साठीच्या पुढची आणि पाठीवर पंप घेऊन स्वतः फवारणारी. मी लग्न होऊन आले तेव्हा चुलीवर भाकरी फिरवायला मला आक्कांनी शिकवलं. शेड घालायच्या आधीच्या वर्षी त्या जुन्या, उग्र वासाच्या औषधानं रानातच कोसळल्या. मी पोचले तेव्हा तोंडातून लाळ गळत होती आणि डोळ्यातली बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी झाली होती. टेम्पोत घालून आम्ही त्यांना कर्जतला दवाखान्यात नेलं. त्या वाचल्या. त्यानंतर मी स्वतः औषधांच्या दुकानात गेले आणि म्हटलं, माणसाला त्रास होणार नाही असं काहीतरी द्या. दुकानदारानं एक बाटली पुढे सरकवली. "हे घ्या ताई. अळी कात टाकायला गेली की मरते. आपण कुठं कात टाकतो?" मला क्षणात समजलं. त्याला माहीत नव्हतं एवढं मला समजलं, कारण ते पांढरं झुरळ मी पाहिलं होतं. घरी येऊन मी आक्कांना सगळं समजावून सांगितलं, कवच म्हणजे काय, कात म्हणजे काय, अगदी तुमच्या शब्दांत. त्या म्हणाल्या, "लई शिकल्याली हाय माजी बाय." मला केवढा अभिमान वाटला होता. पुढच्या वर्षी आम्ही त्याच बांधाला तुती लावली. मिरचीवरची ती कीड आणि आमच्या त्या अळ्या, अशी माझ्या डोक्यात विभागणी होती. दोन्ही कात टाकतात हे मला माहीत होतं आणि तरी कधी शेजारी ठेवून बघितलं नाही.

त्या दिवसापासून भीती लागली आहे. आम्ही खड्डा करून सगळ्या अळ्या चुन्यात पुरल्या, त्यातल्या पुष्कळ अजून हलत होत्या. दोन दिवसांनी मी ओढ्याला गेले. आक्कांच्या रानातलं पाणी त्या ओढ्यानं खाली पाझर तलावात जातं, तिथे पोरं खेकडे धरतात. मी दगड उलटे करत गेले. रिकामी कवचं सापडली, ती तर असायचीच. मग एका दगडाखाली एक सापडला, पाठीवर कवच फुटलेलं आणि खेकडा अजून आतच. मेलेला. एकावरून काही ठरत नाही, तुम्ही म्हणाला असतात, आणि ते खरंच आहे. पण मी तिथे पाण्यात उभी राहून मोजायला लागले की कोण कोण कात टाकतं. खेकडा, कोळी, नाकतोडा, पाण्यातले ते बारीक उड्या मारणारे जीव, ज्यांच्यावर मासे जगतात. मोठ्या मधमाशीला काही होत नसेल, तिचं टाकून झालेलं असतं, पण पोळ्यातल्या पिल्लांचं काय? थांबता येईना. जिथे बघावं तिथे कोणीतरी कवचाच्या आत नवं कवच विणत बसलेलं, आणि ते विणलं जातंय की नाही हे बाहेरून कळायचा मार्ग नाही. पाण्याला वास नव्हता. मी ओंजळीत घेऊन बघितलं.

मग आक्कांकडे गेले. त्या ओट्यावर मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या.

"आक्का, अळ्या तुमच्या औषधानं गेल्या."

"कोंच्या औषधानं?"

"मी आणून दिलेल्या."

त्यांचे हात थांबले. "आगं, पर ते कुनाला काय करत न्हाई म्हनलीवतीस तू."

"माणसाला म्हटलं होतं."

हातातली मिरची त्यांनी ढिगावर टाकली. मग म्हणाल्या, "तुज्या बी अळ्याच की. मला कसं सुचलं न्हाई."

"मलाच सुचलं नाही, आक्का."

"मग मी आपलं जुनंच मारती. हाय अजून निम्मी बाटली माळ्यावर."

"ते नको. मागच्या वेळी काय झालं होतं, विसरलात?"

"मंग काय करू, मिरची किडीला घालू? तुजी ती लेकरं हायती, माजं हे पीक हाय. दोगींनी जगायचं म्हनल्यावर काय तरी एक मारावं लागंलच की." त्या रागानं बोलत नव्हत्या. हिशेबाचं बोलावं तसं बोलत होत्या. मी म्हटलं, काहीही फवारण्याआधी मला सांगा, आपण मार्ग काढू, आणि ती माळ्यावरची बाटली मला द्या. "सापडली की देती," म्हणाल्या. मी पुन्हा मागितली नाही.

पुढची बॅच आली तेव्हा आम्ही बांधालगतच्या ओळी मुळापर्यंत छाटून टाकल्या होत्या. पहिली कात निघाली, दुसरी, तिसरी. मी रोज त्यांची तोंडं बघायचे, पानाच्या कडा बघायचे. जेवण जात नव्हतं. रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितली आणि मी डोळे मिटून अळ्यांसाठी केली. चौथ्या कातीला त्या डोकी वर करून बसल्या आणि शेड शांत झाली. आता त्या शांततेत मला आत पाऊल टाकवत नव्हतं. मी दाराशी उभी राहायचे आणि आवाज यायची वाट बघायचे.

त्याच दिवशी दुपारी हे पळत आले. आक्का मिरचीत पडल्या होत्या. जवळ पंप, आणि अख्ख्या रानात तो जुना वास. पुन्हा टेम्पो, पुन्हा कर्जत. डॉक्टरांनी नळ्या लावल्या. श्वास असा येत होता की प्रत्येक श्वासाला मला वाटायचं, हा शेवटचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या खाटेपाशी बसले असताना मुलीचा फोन आला. "आई, सगळ्या निघाल्या. सगळ्याच्या सगळ्या. पाला खातायत, आवाज ऐक." तिनं मोबाईल रॅकजवळ धरला. मला तो आवाज आला आणि मला आनंद झाला. समोर आक्कांची छाती कशीबशी वर-खाली होत होती आणि माझ्या पोटात आनंद उसळला. त्या आनंदाला मी इतकी घाबरले की फोन बंद करून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

चौथ्या दिवशी त्या बोलायला लागल्या. पहिलं म्हणाल्या, "तुला इचारलं न्हाई म्या. तू नगं म्हनली आसतीस. पर वारं पल्याड हुतं, तुज्या पाल्यावर काय गेलं न्हाई." मग विचारलं, "निघाल्या का गं?"

"निघाल्या, आक्का."

"मंग झालं."

आता त्या घरी आहेत. उजवा हात थरथरतो, चिमटीत मीठ धरता येत नाही, म्हणून संध्याकाळचं कालवण मी करून नेते. मिरची उपटून तिथे जनावरांसाठी घास लावला आहे. आमचे कोष चांगले झाले, पांढरे, टणक, घेणाऱ्यानं हातात घेऊन वाखाणले. पुण्याहून आक्कांच्या मुलाचा फोन आला, म्हणाला, वहिनी, तुम्ही होतात म्हणून आई वाचली. हे सगळ्यांना सांगतात की चार दिवस ही खाटेपासून हलली नाही. मी ऐकून घेते. पुढची बॅच बारा दिवसांनी येईल. गावात बिनवासाचं औषध आता बरेच जण मारतात आणि प्रत्येकाच्या बांधावर जाऊन मी काय सांगणार, हे सोडा आणि ते घ्या? कोणत्या बाटलीकडे बोट दाखवू? पाला तोडताना प्रत्येक पान मी उजेडात धरून बघते, जसं काही त्यावर दिसणारच आहे.

हे मी शेडच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिते आहे, तापमान आणि पाल्याच्या नोंदी असतात तिथे. ह्यांच्या हाती पडण्याआधी फाडून चुलीत घालावं लागेल. तुमच्या फोटोसमोर वाचून दाखवायचं धाडसही माझ्यात नाही.

पप्पा, आक्का पडल्या त्या दिवशी सकाळी मी चुन्याचं घमेलं घेऊन शेडच्या दारात उभी होते. आक्का पंप पाठीला लावून बांधावरून गेल्या. त्यांच्या हातात माळ्यावरची ती जुन्या औषधाची तपकिरी बाटली होती आणि मी ती ओळखली. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, एवढंच अंतर होतं. मी वारा कुठून येतो आहे ते बघितलं, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.